रानात पडलेलं शेण

आमच्या घराण्यात बी.एस्सी. झालेला मी पहिलाच. त्यामुळे नव्वदच्या सुमारास सिल्वासात कर्जप्रकरणं करायच्या नोकरीला लागलो, तेव्हा माझा आकडा चुकेल असं मला वाटतच नसे. पहिलंच प्रकरण घेऊन खानवेलच्या पुढच्या पाड्यावर एका गुरंवाल्याकडे, गुरं रानात सुटायच्या आत, सकाळीच गेलो. तीस गुरं, त्यांच्या शेणाचा गॅस, गॅसवर जनरेटर, वीज शेजारच्या गिरणीला विकायची, की चार वर्षांत कर्ज फिटलं. जमीन तेवढी गहाण ठेवायची.

गाईची मान खाजवत त्याने सगळं ऐकलं. अंगठ्याला शाई लावली आणि कागदावर टेकवता टेकवता थांबला.

"साहेब, ढोरं दिवसभर रानात असतात. तिथलं शेण कोण आणेल?"

"मग गोठ्यातच बांधा की, काका."

"बांधतो. चारा तुम्ही आणाल ना?"

आमच्या पुस्तकातली गाय जागची हलत नसे. तिथेच बसून मी निम्मं शेण धरून पाहिलं, मग विकतचा चारा धरून पाहिला. कर्ज काही केल्या फिटेना.

"काका, राहू द्या अंगठा," मी म्हणालो.

त्याने मान डोलावली आणि शाई शेजारच्या पांढऱ्या गाईच्या पाठीला पुसली. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.