मोरीतला बोळा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, देवापुढेही नाही. त्याला ठाऊक असेल तर असू दे. तुम्हाला सांगते.

नाहूरला आमची तीन मजली बिल्डिंग होती. मी दुसऱ्या मजल्यावर, माझ्या बरोबर खाली सुशीला, मालवणची. चहा टाकला की ती झाडूच्या दांड्याने छतावर दोनदा ठोकायची. मी वरवंटा लादीवर एकदा आपटायचे — म्हणजे आले. बत्तीस वर्षं असं चाललं.

मग पाडायची की दुरुस्त करायची, यावर सोसायटीत भांडणं लागली. इंजिनीअरिंग शिकलेली एक मुलगी तपासायला आली. विटा भाजताना किती धूर झाला असेल, सिमेंट कुठून आलं, पाडली तर राडारोडा कुठे जाईल — बिल्डिंगची जन्मापासून मरणापर्यंतची सगळी विचारपूस. म्हणाली, एवढं सगळं इंधन एकदा जाळून झालंय. स्लॅब धड असेल तर दुरुस्त करून राहा. नवीन बांधाल तर तेवढं पुन्हा जाळावं लागेल.

सुशीला हसली. "बरा सांगतंस गो बाय. आमचा म्हाताऱ्यांचा पण असाच लिवन दी — धड आसत, ठेवा."

मला लिफ्ट हवी होती, आणि ती नवीन बिल्डिंगमध्येच मिळणार होती. गुडघे दुखायचे, हे खरं. पण गुडघ्यांवर कशाला ढकलू? जावेकडे लिफ्ट होती, म्हणून मला हवी होती.

माझी मोरी सुशीलेच्या स्वयंपाकघरावर यायची. मी मोरीच्या भोकात जुन्या लुगड्याचा बोळा कोंबला आणि पाणी साठवलं. रोज. उन्हाळाभर. खाली आधी डाग आला, मग पोपडे, मग सळई दिसायला लागली.

ती तपासणारी मुलगी पुन्हा येणार म्हटल्यावर मी बोळा काढला, मोरी पुसून कोरडी केली. तिने विचारलं, इथे पाणी तुंबतं का?

"नाही गं. बघ ना."

सुशीला माझ्या मागेच उभी होती. म्हणाली, "तिची मोरी कायम कोरडी. माझ्याच घराचा नशीब फुटका."

स्लॅब आतून गेला, असं कागदावर आलं. बिल्डिंग पाडली. ट्रक भरताना मी बघत होते — तिच्या ओट्यामागची हिरवी भिंत सगळ्यात वर होती.

ती कांदिवलीला भाड्याने गेली. मी एकदा भेटायला गेले. तिच्या वर कोण राहतं, तिला ठाऊक नव्हतं. कपबशी पुढे ठेवत म्हणाली, "आज दांडो मारूक लागलो नाय." सांगायला मी तोंड उघडलं — आणि बिस्किट मागितलं. नवीन घराची चावी मिळण्याआधीच ती गेली.

आता मी चौदाव्या मजल्यावर. लिफ्ट आहे. चार वाजले की कान लादीकडे जातो. कशाला जातो? खाली कोण आहे माझं? वरवंटा मात्र अजून हाताशी ठेवते.

शेवटपर्यंत ती आपल्या नशिबाला बोल लावत राहिली. बोळा मी कोंबला होता.