ओट्यावरून टांग

आमच्या कामशेतच्या घराशेजारी एक कारकून राहतात. बुटके आहेत. आधीची मोटरसायकलही बुटकीच होती, पण पवना धरणाकडच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांत तिच्यावर त्यांची पाठ धरली. गाडी विकून ते कामाला एसटीने जाऊ लागले आणि गाडीवर बसताना त्यांचं शीळ घालणं बंद पडलं.

यंदा त्यांनी डोंगरात चालणारी उंच अ‍ॅडव्हेंचर बाइक आणली. आता पाठ दुखत नाही, पण पाय जमिनीला नीट टेकत नाहीत. त्यांच्या दाराशी गटार आहे. म्हणून रोज सकाळी ते गाडी माझ्या ओट्याला लावतात, ओट्यावर चढतात आणि तिथून टांग टाकतात.

“मावशी, जरा सरका.”

“सरकते. पडलात तर उचलणार न्हाई.”

“चालेल!”

“वाटेत उतरता कसं?”

“दगड बघून थांबतो. काल चांगला दगडच दिसला नाही, म्हणून पार लोणावळ्याला गेलो!”

एवढं सांगून स्वतःच हसले. शीळही परत आली. सूर धड नाही, पण जोरात घालतात.

मग माझ्या मुलाने मोटार लावायला ओटा पाडायचं काढलं. गवंडी माप घेत होता, तेवढ्यात कारकून आले. शीळ थांबली.

“मावशी, ओटा जाणार? मग ही गाडी विकावीच लागेल.”

मी गवंड्याला घरी पाठवलं. मुलगा चिडला. “आई, त्यांच्यासाठी एवढं?”

“त्यांच्यासाठी कशाला? ते कधी पडतात ते मला बघायचंय.”

दुसऱ्या दिवशी शीळ ऐकू आली, तशी मी चहाचा कप उचलून सरकले.