दाढेची सूज

दिवाळीनंतर धाकटा दीर आणि जाऊ ऊसतोडीला गेले की त्यांची लेक शाळेसाठी बीडकडच्या शिरूरला माझ्याजवळ राहायची. त्या वर्षी ती दुसरीत होती. एकाच बाजूनं चावून जेवायची. तोंडात पाहिलं तर खालची दाढ काळी पडून पोखरलेली. मेडिकलवाला म्हणाला, "दुधाची हाय, पडंल आपोआप." त्याच्या गोळ्यांनी ठणका थांबला. पोर पुन्हा खेळायला लागली.

संक्रांतीच्या सुमारास ती तापानं फणफणली. गाल सुजला, सूज हनुवटीखाली उतरून टणक झाली. तोंड उघडेना, लाळ गळायला लागली. मी जावेला व्हिडिओ कॉल लावला. लेकीचा चेहरा बघून ती आधी एवढंच बोलली, "कुणी मारलं तिला?"

"अगं, दाढ हाय."

"दाढेनं गळा सुजतो व्हय?"

गावातल्या डॉक्टरांनी बघताक्षणी बीडला पाठवलं. ती दोघं उसाच्या फडावरून थेट दवाखान्यात आली. जावेनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पोरीचा फ्रॉक वर करून पाठ बघितली, दंड बघितले. वळ कुठंच नव्हता. तरी कानाशी लागून तिनं विचारलंच, "मोठ्या आईनं मारलं का गं?" पोरीला बोलता येईना, घशात नुसती घरघर. तिचं ते गप्प राहणं माझ्यावरच शेकलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दाढेचा पू जिभेखाली, मानेत उतरलाय. श्वास कोंडायच्या आत काढावा लागेल."

"खरं सांगा, मार लपवताय का?" जावेनं त्यांनाही विचारलं.

हनुवटीखाली चीर देऊन पू काढला, नळी बसवली. दाढही काढली. नर्सनं ती कापसावर आणून दाखवली. जाऊ ती उलटसुलट करून बघत राहिली.

सूज उतरून नळी निघाल्यावर पोरीचा आवाज परतला. तिनं आपणहून सांगितलं, "मोठ्या आईनं न्हाई मारलं. दाढच लई दुखायची."

"तुमाला भिऊन बोलतीय ती," जाऊ मला म्हणाली.

मी दिराला बाहेर व्हरांड्यात गाठलं. लग्न होऊन आले तेव्हा तो शाळेत होता, माझ्या हातचं खाऊन मोठा झालेला. "तुमालाबी तसंच वाटतं का?"

तो खाली बघत म्हणाला, "वहिनी, आमी हितं नव्हतो ना."

सुट्टी झाल्यावर लेकीला घेऊन ते तिकडूनच फडाकडं गेले. तिचं दप्तर न्यायलाही कुणी घरी आलं नाही.