राखेच्या दोन रेघा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, हिंगोलीकडच्या माझ्या आईलाही नाही. तुम्हाला सांगते — नीट सांगता येईल का, बघते.

शाळा आठवीतच सुटली. पुढं लग्न होऊन विंझरला आले. माहेर लांब, वर्षा-दोन वर्षांनी जाणं. पण सासरी मला कुणी कधी उणं बोललं नाही — हे आधीच सांगून ठेवते. नणंद सोनाली बारावी होऊन पोलीस भरतीची तयारी करत होती. मला लई जीव लावायची. तिची दोन अंडी रोज मीच उकडायचे, सोलायचेही मीच. जळायचे का? व्हय. जळायचे.

भात निघालेल्या खाचरात ती गोळा फेकायची, सकाळी नि सांजच्याला. पडेल तिथं मी चुलीतल्या राखेनं रेघ ओढायचे. सांजची रेघ कायम पुढं, सकाळची दोन पावलं मागं. "वहिनी, सकाळचा हातच उठत न्हाई बघा," म्हणायची, रडकुंडीला येऊन. आणि भरती तर सकाळीच.

मला मात्र कळलं होतं. ज्या सकाळी सासूबाई तिला विहिरीवर पाठवायच्या, चार हंडे ओढून ती घामेजून यायची, त्या सकाळी रेघ सांजच्या रेघेला जाऊन भिडायची. एकदा नव्हे, तीनदा. अंग तापलं की तिला सकाळ आडवी येत नव्हती. रेघा ओढणारी मी, म्हणून मलाच ठाऊक. सांगायला काय लागत होतं?

भरतीला मीच सोबत गेले. थंडी मरणाची. बाकीच्या पोरी पळत होत्या, उड्या मारत होत्या. मी पण जरा पळू का, तिनं विचारलं — मला विचारलं.

"गप बस हितं," मी म्हणाले. "दम राखून ठेव."

गार पायरीवर तासभर बसवली तिला. मुद्दाम. ती वर्दी घालून दारात उभी राहिलेली मला बघवणार नव्हती.

गोळा सकाळच्या रेघेइतकाच गेला. यादीत एका गुणानं नाव हुकलं.

आता ती सारोळ्याला दिलीय, हायवेवरच्या दुकानात बसते. परवा पाहुण्यांसमोर म्हणाली, "वहिनी नसत्या तर मी मैदानापातुर सुदिक गेले नसते." सगळे माझ्याकडं कौतुकानं बघत होते. मी चहा गाळत राहिले.

गोळा अजून मांडणीखाली आहे. केर काढताना मीच तो सरकवते — आणि परत तिथंच ठेवते.