दिल्लीहून आलेला फोन

ऐंशीच्या दशकात बदलापूरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये फोन फक्त आमच्या घरी होता. वरच्या मजल्यावरच्या काकांना, ते शास्त्रज्ञ होते, देशाच्या ऊर्जा धोरण समितीचे प्रमुख नेमणार अशी कुणकुण होती. एका सकाळी दिल्लीहून ट्रंककॉल आला. "वरच्या शास्त्रज्ञसाहेबांना बोलवा," एवढं ऐकू आलं आणि लाइन तुटली.

मी धावत वर गेले. काका बनियनवरच खाली आले, मागोमाग काकू. अर्धा तास झाला तरी फोन वाजेना.

"हो म्हणणार ना?" काकूंनी हळूच विचारलं.

"नुसतं माझं नाव हवं असेल, तर नाही."

तेवढ्यात फोन खणखणला. काकांनी एकच विचारलं, "समितीचा अहवाल मंत्र्यांना पटला नाही, तरी जसाच्या तसा छापाल?"

पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत राहिला. काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं होतं.

"तसं लेखी पाठवा. पत्र मिळालं की येतो," म्हणून काकांनी फोन ठेवला.

आठवडाभर पत्र आलं नाही. काकू काकांशी बोलेनाशा झाल्या. नवव्या दिवशी पोस्टमनने पाकीट दिलं. अहवाल जसाच्या तसा छापू, असं त्यात लेखी दिलं होतं. वाचून काका हसले, आणि काकू जिन्यातच बसून आनंदाने रडायला लागल्या.