बाराव्याचा फोटो

नोकरीत इतके आरोपी पाहिले की त्यांचे चेहरे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. एका म्हाताऱ्या साक्षीदाराचा चेहरा मात्र तसाच्या तसा डोळ्यांसमोर येतो. तो आरोपीचा बाप होता आणि मुलाला वाचवायला कोर्टात आला होता.

माझे वडील रेल्वेत होते. त्यांची बदली जयपूरला झाली आणि आम्ही इथलेच झालो. पुढे मी इथल्याच पोलीस दलात लागलो. घरी मराठी, ठाण्यात हिंदी असा संसार. सहकारी मला ‘मराठा साहब’ म्हणत. मी मराठा नाही हे सुरुवातीला समजावून सांगायचो, मग नाद सोडला.

या प्रकरणाची सुरुवात एका मोटारसायकलपासून झाली. तेव्हा मी संघटित गुन्हेगारीच्या पथकात निरीक्षक होतो. जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणारा एक दुकानदार आमचा खबरी होता. एका दुपारी त्याचा फोन आला. दोन जण मोटारसायकल घेऊन गेले, म्हणाला. कागदपत्रे मागितली नाहीत, ते एक वेळ ठीक. पण घासाघीसही केली नाही.

“साहब, जयपुर में आदमी कफ़न का भी मोलभाव करता है। ये दोनों चुपचाप ले गए।”

लोकांना वाटते, खबरी म्हणजे सगळा कट येऊन कानात सांगणारा माणूस. तसे नसते. त्याला काहीतरी खटकलेले असते, बस. ऐकणाऱ्याने ते ‘असेल काही’ म्हणून झटकले की खबर मेली.

आम्ही त्या गाडीच्या मागे साध्या वेशातले शिपाई लावले. गाडी रोज सकाळी मालवीय नगरातल्या एकाच गल्लीत चकरा मारायची. एका सकाळी गल्लीच्या तोंडाशी दोघांना धरले. दोघांच्याही कमरेला पिस्तूल निघाले. एकाच्या मोबाइलमध्ये एका माणसाचे फोटो होते: दुधाच्या बूथवर पिशवी घेऊन उभा असलेला, फाटक उघडणारा, शेजाऱ्याशी हसून बोलणारा. हा माणूस इथल्या एका दैनिकात काम करणारा पत्रकार होता. जगतपुऱ्याकडे लोकांचे भूखंड धमकावून बळकावणाऱ्या टोळीविरुद्ध त्याने बातम्या लिहिल्या होत्या. टोळीचा म्होरक्या तुरुंगात बसून कारभार चालवायचा. बाकीचे पत्रकार ‘एक प्रभावी व्यक्ती’ असे लिहून मोकळे व्हायचे. याने नाव छापले होते.

मी स्वतः त्याच्या घरी गेलो. त्याने सगळे खुर्चीत बसून ऐकून घेतले. बोलली ती त्याची बायको.

“भाईसाहब, ये कल से दूध लेने जाएँ कि नहीं, इतना बता दीजिए।”

मी दाराशी एक हत्यारी शिपाई बसवला. पण तो कायमचा इलाज नव्हता, हे तिलाही कळत होते. खटला हरलो असतो तर टोळीला एकच धडा मिळाला असता, की आज नाही तर उद्या, हे काम होण्यासारखे आहे. त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर आता कोर्टाकडून आणायचे होते.

पकडलेल्या दोघांपैकी थोरला मुरलेला होता. अळीमिळी गुपचिळी. धाकटा प्रत्येक प्रश्नाला आधी थोरल्याकडे बघायचा. मी दोघांना वेगळ्या कोठडीत ठेवले आणि धाकट्याला काहीच विचारेनासा झालो. वेळेवर जेवण, वेळेवर वैद्यकीय तपासणी, बाकी शांतता. अनुभवाने सांगतो, मार खाल्लेला माणूस तुम्हाला हवे ते बोलतो, आणि कोर्टात गेल्यावर सगळे फिरवतो. एकटा पडलेला माणूस विचार करायला लागतो.

टोळीने पाठवलेला वकील आला. त्याच्या हातात वकीलपत्र एकट्या थोरल्याचे होते. मी धाकट्याकडे गेलो आणि सांगितले, “वकील आया था। तेरा नाम नहीं लिया।” एवढेच बोलून परत फिरलो. दाराशी पोचेपर्यंत त्याने मागून हाक मारली.

त्याने सांगितलेली हकीकत अशी. म्होरक्याचा एक खास माणूस होता. तुरुंगातला हुकूम बाहेर आणायचे काम त्याचे. जगतपुऱ्यात एक खोली भाड्याने घेऊन त्यानेच या दोघांना तिथे ठेवले, पिस्तुले दिली, पत्रकाराचे फोटो दाखवले. हा मधला माणूस म्हणजे तुरुंग आणि पिस्तूल यांना जोडणारा दुवा. तो सिद्ध झाला तर कट सिद्ध होणार होता. तो निसटला तर विनापरवाना शस्त्र बाळगण्याचा किरकोळ गुन्हा तेवढा उरला असता.

मधल्या माणसाला आम्ही अटक केली. गडी धिप्पाड, आणि मिशी अशी की दारातून आधी ती आत यायची. धाकटा माफीचा साक्षीदार झाला. पण माफीच्या साक्षीदाराच्या शब्दाला आधार लागतो. स्वतःची कातडी वाचवायला बोलतोय, असे म्हणायला वकील टपलेलाच असतो. तो आधार आम्हाला खोलीच्या मालकिणीने दिला.

योगायोग असा, की ती बाई आपल्याकडची निघाली. नवरा रेल्वेत, मूळचे नागपूरकडचे. जगतपुऱ्यात घर बांधले होते आणि वरची खोली भाड्याने द्यायचे. मी मराठीत बोललो तशी तिने खुर्ची पुढे सरकवली.

“वहिनी, नीट आठवून सांगा. खोली घ्यायला हाच आला होता?”

“भाऊ, मी खोटं कायले बोलू जी? तोच भैया होता. मतलब, एकडाव नाही, तीन-चार दिवस येऊन-जाऊन होता. येवढी मिशी या गल्लीत दुसऱ्या कोनाची हाय?”

तिचा कॉलेजात जाणारा मुलगा दारात उभा होता. तो चाचरत म्हणाला, “मम्मी, आपण नको पडू यात. ये लोग डेंजर आहेत.”

बाई त्याच्याकडे न बघताच म्हणाली, “त्या पेपरवाल्याचीबी आई असंल ना रे.”

ओळखपरेडमध्ये तिने त्याला न अडखळता ओळखले. आरोपपत्र दाखल झाले, खटला उभा राहिला, पत्रकाराची साक्ष झाली, वहिनींची झाली. उलटतपासणीत वकिलाने त्यांना बराच त्रास दिला, पण त्या हलल्या नाहीत. मला वाटले, जिंकलो. तेवढ्यात बचाव पक्षाने आपला पत्ता टाकला.

खोली घेतली त्या दिवसांत हा मधला माणूस जयपुरात नव्हताच, असे त्यांचे म्हणणे होते. त्याचे ताऊजी, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, त्याच सुमारास वारले. चितेपासून बाराव्याच्या पगडीच्या विधीपर्यंत तो गावातून हललाच नाही. पुरावा म्हणून मोबाइल कंपनीची नोंद: सगळे दिवस फोन गावात. शिवाय बाराव्याचा फोटो: वारलेल्याच्या मुलाच्या डोक्यावर पगडी बांधली जात आहे आणि शेजारी हा बसलेला. साक्षीदार म्हणून आरोपीचा सख्खा बाप.

फोन गावात ठेवून माणूस शहरात येऊ शकतो, हे कुणालाही कळते. पण कळणे वेगळे आणि कोर्टात शाबीत करणे वेगळे. एकीकडे माफीचा साक्षीदार आणि एक घरमालकीण, दुसरीकडे एक म्हातारा बाप आणि अख्खे सुतकातले घर. न्यायाधीशांच्या मनात शंका आली असती, आणि शंकेचा फायदा कुणाला मिळतो ते सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी पत्रकार कोर्टाबाहेर मला म्हणाला, “गार्ड की आदत डाल लूँ, साहब?”

फोटोची प्रत मी जयपुरातल्याच मानसरोवर भागातल्या माझ्या घरी आणली. जेवणाच्या टेबलावर ठेवून बराच वेळ बघत बसलो. विसेक पुरुष, सगळ्यांच्या डोक्यांवर साफे. साफ्याखाली डोके कसे आहे ते दिसत नाही. पण ओठावर काय आहे ते दिसते. एकूण एक पुरुषाचा वरचा ओठ भादरलेला. आरोपीच्या बापाचासुद्धा, कारण तो वारलेल्याचा धाकटा भाऊ. आणि त्या सगळ्या बोडक्या ओठांमध्ये एक मिशी, टोकापर्यंत पीळ दिलेली.

माझे वडील गेले तेव्हा मीही मिशी उतरवून कामावर रुजू झालो होतो. ठाण्यात कोणी काही विचारले नाही. हवालदाराने फक्त हात जोडले. इथे ती गोष्ट सांगावी लागत नाही, ओठावर दिसते. घरातले मोठे माणूस गेले की धाकट्यांनी केस द्यायचे, म्हणजे डोके, दाढी, मिशी सगळे उतरवायचे, हा नेम खेड्यात तर फारच कडक. हा पठ्ठ्या न्हावी बसला त्या दिवशी गावात नव्हता. मागाहून आला, आणि मिशीचा मोह सुटला नाही.

मी फोटो घेऊन सरकारी वकील बाईंकडे गेलो. त्या जयपूरच्याच, शांत स्वभावाच्या. त्यांनी बघितला, हसल्या आणि माझ्या उत्साहावर पाणी ओतले.

“मूँछ कोई सबूत नहीं है। बाप कह देगा, आजकल के लड़के नहीं मानते। बात ख़त्म।”

खरे होते. मी फोटो उचलायला गेलो, तर त्यांनी त्यावर हात ठेवला. “लेकिन भरी अदालत में कह पाएगा क्या?”

साक्षीच्या दिवशी कोर्टाचे मागचे बाक गच्च भरले होते. वजन पडावे म्हणून बचाव पक्षानेच गावातली माणसे जीप करून आणली होती. म्हातारा पिंजऱ्यात उभा राहिला. पांढरे धोतर, साफा, पाठ ताठ. त्याने पढवलेले सगळे नीट सांगितले. मग वकील बाई उठल्या. त्यांनी खटल्याबद्दल काही विचारलेच नाही.

“बाऊजी, बड़े भाई थे आपके?”

“बाप बराबर थे।”

“आपके यहाँ बड़ों के जाने पर छोटे बाल देते हैं?”

“सब देते हैं।”

“और जो न दे?”

“वो हमारे घर का नहीं।” म्हातारा हे ठणकावून बोलला. मागच्या बाकांवर माना हलल्या.

“आपके बेटे ने दिए थे?”

बचावाचे वकील हरकत घ्यायला उठले. न्यायाधीशांनी हाताने बसवले. म्हाताऱ्याने मागच्या बाकांकडे पाहिले. तिथे त्याचे भाऊबंद होते, व्याही होते, पंच होते. ‘नाही दिले’ असे दोन शब्द तो बोलला असता तर मुलाचा बचाव शाबूत राहिला असता. शिवाय ते खरे होते. पण त्या बाकांसमोर त्याच्या तोंडून ते निघेना.

“दिए थे,” तो म्हणाला. “सबसे पहले उसी ने दिए। सिर, दाढ़ी, मूँछ, सब।”

बाईंनी फोटो त्याच्या हातात दिला. “इसमें बेटा कौन-सा है, बाऊजी?”

म्हातारा फोटोकडे बघत राहिला. एकदा त्याने मान वर करून आरोपीच्या पिंजऱ्याकडे पाहिले, पुन्हा फोटोकडे. बाईंनी प्रश्न दुसऱ्यांदा विचारला. उत्तर आले नाही. न्यायाधीशांनी लेखनिकाला सांगितले, “लिखिए, गवाह मौन है।”

मला आधी आनंद झाला, खोटे कशाला बोलू? इतक्या महिन्यांची मेहनत कामी आली होती. मग म्हातारा पिंजऱ्यातून उतरताना दिसला. त्याची पाठ आता ताठ नव्हती. मला फार वाईट वाटले.

युक्तिवाद संपायला वेळ लागला. तोवर मी निवृत्त झालो होतो. निकालाच्या दिवशी साध्या कपड्यांत मागच्या बाकावर बसलो. बापाची साक्ष विश्वासार्ह नाही, घरमालकिणीची आहे, असे न्यायाधीशांनी नमूद केले. कट सिद्ध झाला. म्होरक्या, मधला माणूस आणि थोरला, तिघांनाही लांब मुदतीच्या शिक्षा झाल्या. पत्रकाराने बायकोला फोन लावला आणि नुसते “हो गया” म्हणाला.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे लोक विचारतात. माणूस कायद्यापुढे बेधडक खोटे बोलतो, कारण कायदा त्याच्या घरचा नसतो. आपल्या माणसांपुढे मान खाली जाणार असेल तर मात्र तो खऱ्यालाही घाबरतो. तपास करणाऱ्याने आरोपीचा फोन जरूर तपासावा, पण तो कुणापुढे लाजतो हे आधी शोधावे. हे मी नंतर नव्या अधिकाऱ्यांनाही सांगितले. सांगताना प्रत्येक वेळी थोडे अपराधी वाटते, कारण आम्ही पकडले ते त्या म्हाताऱ्याच्या वाईटपणाला नाही, त्याच्या इभ्रतीला.

निकालानंतर आम्ही जिना उतरत होतो. गावातली माणसे पुढे निघून गेली होती. म्हातारा एकटाच कठड्याला धरून उतरत होता. मध्येच त्याचा पाय चुकला. पत्रकार त्याच्या सर्वांत जवळ होता. त्याने झटकन दंड धरला आणि सावरले. दोघांच्या साक्षी वेगवेगळ्या दिवशी झाल्या होत्या, त्यामुळे म्हाताऱ्याने त्याला कधी पाहिले नव्हते.

“किसके हो, बेटा?” त्याने विचारले. इथे नावाच्या आधी हे विचारतात.

पत्रकाराने माझ्याकडे पाहिले.

“यहीं का हूँ, बाऊजी। मालवीय नगर रहता हूँ।”

म्हाताऱ्याने मोकळा हात उचलून त्याच्या डोक्यावर ठेवला. “जीते रहो। लंबी उमर हो तुम्हारी।”

पत्रकाराने मान वाकवली, आणि शेवटच्या पायरीपर्यंत त्याचा दंड सोडला नाही.