पांढऱ्या आसनावरचे सत्पुरुष

हातातला चहा आधी खाली ठेवा, मंडळी. मी काय गोंधळ घातला ते सांगतो. पण ऐकताना तुम्हाला ठसका लागला, तर ते पाप माझ्या माथी नको.

माझी नात ओवी अमरावतीला स्वमग्न मुलांच्या शाळेत जाते. ती बोलत नाही, आणि कुणाला हातही धरू देत नाही. मला एकच ध्यास लागला होता: उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला आमच्या घरी, नांदगाव खंडेश्वरला न्यायचे. माझा मुलगा प्रवीण म्हणाला, "बाबा, आधी तिच्या वर्गात बसा. तिच्याशी कसं वागाचं ते शिका. मॅडम हो म्हणल्या, तर न्या."

म्हणजे परीक्षा माझी! आयुष्यभर भजनी मंडळ सांभाळलेला माणूस मी. वर्गात बसणे ते काय अवघड?

पहिल्याच दिवशी वर्गाच्या भिंतीवर, मुलांच्या हाताला लागेल अशी, चित्रांची ओळ दिसली. चष्मा नेमका प्रवीणच्या घरी राहिलेला. मुले येत, एखाद्या चित्राला स्पर्श करीत आणि शांतपणे निघून जात. मी गहिवरलो. केवढा हा संस्कार! त्यातल्या एका चित्राने तर माझे चित्तच वेधले. पांढऱ्याशुभ्र आसनावर स्थिर बसलेली मूर्ती, मान किंचित लवलेली, हात गुडघ्यांवर. मुद्रेवर असा निवांतपणा की काय वर्णावा! कोणी सत्पुरुष असावेत. नाव विचारणे म्हणजे स्वतःचे अज्ञान उघडे करणे. मी मुकाट्याने हात जोडले, डोळे मिटले, चित्राला बोटे लावून ती डोळ्यांना लावली.

तत्काळ वर्गाच्या वानखडे मॅडम उठल्या. काहीही न विचारता, "या, आजोबा," म्हणत त्यांनी मला शौचालयाच्या दारापर्यंत नेले.

मी मनात म्हटले, काय ही शिस्त! दर्शन झाले की हातपाय धुवायचे! धुतले. परत आलो. मन भरले नव्हते, म्हणून पुन्हा दर्शन घेतले. मॅडम पुन्हा उठल्या! कोपऱ्यात ठोकळे रचणारी ओवी मान वर करून आमच्याकडे पाहत होती.

दुसऱ्या दिवशी चष्मा पुन्हा विसरलो, पण मोगऱ्याचे फूल मात्र आठवणीने नेले. चित्राला बुक्का लावला, फूल खाली ठेवले. मॅडमनी मला हळूच बाजूला घेतले.

"आजोबा, राग मानू नका जी. हे कधीपासून आहे?"

"लहानपणापासून. वडिलांकडून आलं."

"अगबाई! घरात सगळ्यांनाच?"

"एक प्रवीण सोडला तर सगळ्यांना. एकादशीला तर आम्ही सगळे मिळूनच बसतो. टाळ-मृदंग घेऊन!"

मॅडम भिंतीला टेकल्या. "आणि... डॉक्टर?"

"येतात की! पेटीवर तेच असतात."

संध्याकाळी प्रवीण घरात शिरला तोच कपाळाला हात लावून. "बाबा, मॅडमचा फोन होता. तुमाले सारखं जा लागते म्हणे! मले सांगतलं काहून नाही? तुमचंच असं, तर ओवीले तुमच्या भरोशावर कसं पाठवू?"

"अरे, पण कुठे जावं लागतं मला?"

मॅडमनी पाठवलेले ते चित्र सूनबाईंनी मोबाईलवर मोठे करून दाखवले. मी चष्मा लावला. आसनाच्या मागे पाण्याची टाकी होती!

"बाबा," सूनबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "ज्या लेकराला बोलता येत नाही, ते हवं त्याचं चित्र दाखवते. पाणी, झोका, संडास. हात लावला की उलटं न विचारता लगेच न्यायचं, असा नियमच आहे शाळेचा."

आणि मी त्या चरणी मोगरा वाहिला होता! बुक्क्यासह!

सकाळी मॅडमना सगळे खरे सांगितले. त्या हसता हसता मुलांच्या बुटक्या खुर्चीत बसल्या. "आजोबा," डोळे पुसत म्हणाल्या, "चित्राला मान द्यावा हे पालकांना पटवता पटवता आमचा घसा बसतो. तुम्ही तर पूजाच मांडली! न्या ओवीला."

सर्वांचा गैरसमज फिटला. एक ओवीचा राहिला.

एकादशीला गावच्या मारुतीच्या देवळात मंडळ जमले. मी हात जोडून डोळे मिटले, तोच माझ्या तळव्यात एक चिमुकला हात शिरला. कुणालाही हात न देणारी माझी नात मला ओढत होती! टाळकऱ्यांना ओलांडून, देवळाबाहेर, थेट शेजारच्याच आमच्या परसातल्या संडासाशी. तिचे काय चुकले? आजोबा हात जोडतात, डोळे मिटतात, आणि मग त्यांना तिथे न्यावे लागते, हे तिने शाळेत डोळ्यांनी पाहिले होते.

मी निमूटपणे आत गेलो. थोडा वेळ उभा राहिलो, मगभर पाणी ओतले आणि बाहेर आलो. ओवीने पुन्हा हात धरला, मला देवासमोर आणून बसवले आणि हात सोडला.

शेजारचा दामोदर टाळ थांबवून कुजबुजला, "महाराज, साखर निंघाली काय जी तुमाले?"

"हाव," मी म्हणालो, आणि लगबगीने पुन्हा हात जोडले.

प्रत्यक्ष देवासमोर खोटे बोललो, मंडळी. आणि कशासाठी? तर पुन्हा एकदा संडासला जायला मिळावे म्हणून!